डॅफोडिल्स विंडरमिअरच्या काठची नव्हेत : माझ्याच पोस्टचा खुलासा

‘लेक डिस्ट्रिक्टला जाताय? विंडरमिअरच्या तळ्याकाठच्या हॉटेलात राहा. वर्ड्‌सवर्थची डॅफोडिल्स तिथलीच, मे महिन्याच्या सुट्टीत खिडकीतून दिसतात.’ इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टविषयी आणि इंग्रज कवी वर्ड्‌सवर्थच्या कवितेतल्या डॅफोडिल्स या पिवळ्या फुलांविषयी हा मजकूर फिरतोय आणि तो मूळ माझाच. गाइडचं ऐकून लिहिला होता, पडताळला नव्हता. माफ करा.

परत आल्यावर कवीची बहीण डोरोथी वर्ड्‌सवर्थची रोजनिशी वाचली. १५ एप्रिल १८०२ची नोंद स्पष्ट आहे : बहीणभाऊ सोसाट्याच्या वाऱ्यात चालत होते आणि फुलं दिसली ती अल्सवॉटर या दुसऱ्या तळ्याच्या काठी, गोबॅरो पार्कजवळ. म्हणजे विंडरमिअरहून कर्कस्टोन खिंड ओलांडून पलीकडे. या फुलांवरची कविता छापली गेली १८०७ मध्ये. (कवितेत स्वारी एकटीच भटकतेय, बहीण गायब!) त्या काळात या बहीणभावांचं बिऱ्हाड ग्रासमिअर गावातल्या डव्ह कॉटेजमध्ये होतं. ते घर आजही बघता येतं, जरूर बघा.

फुलांचा बहर साधारण मार्च-एप्रिलचा. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी त्यांच्या भरवशावर बुकिंग करू नये. डोंगर, तळी आणि पाऊस मात्र भरपूर मिळेल.

जुनी पोस्ट मी काढली आहे. कुणाच्या ग्रुपवर असेल तर कृपया पुढे पाठवू नका.