‘ग्रीनलंड हिरवं होतं’, बरं मग?

फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा आलाय: ‘ग्रीनलंड हे नाव उगाच नाही, तिथे हिरवळ होती. ध्रुव आधीही तापलेत. शिवाय आधी तापमान वाढतं, कार्बन डायऑक्साइड मागाहून, हे बर्फच सांगतो. निश्चिंत राहा.’

नावाचं लगेच उरकतो. नॉर्स (म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन) गाथा सांगतात की नाव गोड असलं तर लोक वस्तीला येतील, म्हणून तिथे वस्ती करणाऱ्या एरिक द रेडनं ते ठेवलं. प्लॉट विकणाऱ्यांची तऱ्हा हजार वर्षांत बदललेली नाही! त्याची माणसं दक्षिणेच्या किनारपट्टीत गुरं-मेंढ्या पाळत. आतला किलोमीटरभराहून जाड बर्फ तेव्हाही होताच.

पण त्याच्या कितीतरी आधी ग्रीनलंडचा काही भाग खरोखर हिरवा होता, आणि तेच या फॉरवर्डला महागात पडतं. 1966 साली कॅम्प सेंच्युरी या अमेरिकी तळावर जवळपास 1,400 मीटर बर्फ भेदून खालची गोठलेली माती काढली. ती फ्रीझरमध्ये विसरली गेली, ती थेट 2017 मध्ये सापडली. धुऊन पाहिली तर आत काटक्या, पानं, शेवाळ. सुमारे 4 लाख वर्षांपूर्वी तिथे बर्फ नव्हता. तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत 280 भागांच्या आसपास होता; आज तो 420 च्या वर आहे. ती ऊब हजारो वर्षं टिकली होती, हे खरं. तरी एवढ्याशा वायूत तिथला बर्फ गेला, हे वाचून निश्चिंत कसं राहायचं?

आधी-मागाहूनचा मुद्दा अर्धा खरा आहे. जुनं तापमान बर्फावरून कळतं, तर जुना वायू बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून. बर्फ पडला की हवा लगेच कोंडली जात नाही; पन्नास-शंभर मीटर खाली दबेपर्यंत ती ये-जा करते. त्यामुळे बुडबुड्यातली हवा भोवतीच्या बर्फाहून शेकडो, कधी हजारो वर्षांनी नवी असते. हा हिशेब नीट मांडल्यावर तापमान आणि वायू यांतलं अंतर बरंच आक्रसलं. राहिलेलंही मान्य करू: हिमयुगं संपताना पहिला धक्का पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलाचा होता, मग तापलेल्या समुद्रानं वायू सोडला, वायूनं आणखी तापवलं. व्याज मुद्दलामागून येतं, म्हणून कर्ज फुगायचं थांबतं का? या खेपेला तर वायू आपणच आधी ओततोय.

आणि ‘ध्रुव आधीही तापलेत’ म्हणाल, तर सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उबेत समुद्र आजच्यापेक्षा बहुधा 5 ते 10 मीटर वर होता. एवढं पाणी चढायला शतकं लागतात, हेही कबूल.