एकोणचाळिसावा धागा

मी विद्यापीठात टेक्स्टाइल डिझाइन शिकतो असे बेळगावात कोणाला सांगितले की समोरचा माणूस क्षणभर विचार करतो आणि मग आत जाऊन एक साडी घेऊन येतो. तिला फॉल-पिको करून हवा असतो. पहिल्या वर्षी मी समजावून सांगण्याच्या भानगडीत पडलो. दुसऱ्या वर्षापासून आत्याच्या साड्या निमूटपणे कोपऱ्यावरच्या पिकोवाल्याकडे टाकून येतो आणि पैसे पदरचे घालतो, कारण ‘घरचाच पोरगा शिकायलाय म्हटल्यावर पैसे कसले?’ या आत्याच्या प्रश्नाला अभ्यासक्रमात उत्तर नाही.

वास्तविक बेळगावातल्या आमच्या वडगावात हा विषय शिकायला बाहेर जावे लागणे हाच एक विनोद आहे. येथे घराघरात यंत्रमाग आहेत आणि त्यांची खटखट पहाटेपासून चालू असते. पाहुण्यांना तिच्यामुळे झोप येत नाही आणि आम्हांला ती थांबली की जाग येते. एवढ्या आवाजात वाढलेल्या मुलाला ताणा म्हणजे उभा धागा आणि बाणा म्हणजे आडवा हे कोणी फळ्यावर लिहून शिकवावे याची मला सुरुवातीला गंमत वाटली होती. पण वर्गात त्यांना वार्प आणि वेफ्ट म्हणतात, प्रात्यक्षिक घेणारे सर मागाजवळ गेले की कन्नडमध्ये हासु आणि होक्कु म्हणतात, आणि घरी आल्यावर पुन्हा ताणा-बाणा सुरू होतो. एकच धागा तीन भाषांत पकडताना माझ्या हातून तो अनेकदा सुटला आहे.

त्यातच धाग्याची मापे. सुती धाग्याचा काउंट म्हणजे एका पौंडात 840 वारांच्या किती लडी बसतात तो आकडा, अर्थात आकडा वाढला की धागा बारीक होतो. रेशमाचा डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन, अर्थात आकडा वाढला की धागा जाड होतो. ही दोन्ही मापे आम्हांला एकाच तासाला शिकवण्यात आली. पुढे परीक्षेत मी तलम ओढणीसाठी जो धागा सुचवला, त्याने विहिरीतून पोहरा काढता आला असता.

परंतु खरी परीक्षा दिवाळीच्या सुट्टीत झाली. धागे उचलणाऱ्या चार चौकटींचा टेबल लूम, म्हणजे मेजावरचा छोटा माग, घरी नेऊन त्यावर ट्विलचा, म्हणजे तिरप्या रेघांच्या विणीचा, 8 इंच रुंदीचा नमुना विणून आणायचा होता. इंचाला 30 धागे, म्हणजे एकूण 240. प्रत्येक धागा हुकासारख्या आकड्याने ओढून तारेच्या बारीक डोळ्यातून काढायचा, पहिला पहिल्या चौकटीत, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या, चौथा चौथ्या, आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर तेच धागे फणीच्या दातांतून ओवायचे. मी सकाळी नऊला बसलो. मधे आई दोनदा जेवायला हाक मारून गेली आणि आत्या एक साडी ठेवून गेली. सायंकाळी पाचच्या सुमारास 240 वा धागा ओवून मी मान वर केली, तर ती वर येईना.

पहिले दोन इंच विणून झाल्यावर सुंदर तिरप्या रेघांच्या मधोमध नव्हे, तर डाव्या कडेजवळ, एक उभी भेग दिसू लागली. मी ती बोटाने दाबून पाहिली, पाण्याचा हात फिरवून पाहिली, शेवटी चष्मा काढून पाहिली, तेव्हा ती दिसेनाशी झाली. ताण्यात एकदा चुकलेली रेघ पुढे सगळ्या लांबीभर दिसत राहते, हे सीमाभागातल्या माणसाला सांगण्यासाठी खरे तर विद्यापीठाची गरज नव्हती.

एवढ्यात वीज गेली. गल्लीतले सगळे माग एका झटक्यात थांबले आणि मोकळे झालेले शेजारचे काका हात पुसत आमच्या दारात आले. उंबऱ्यातूनच त्यांनी माझ्या मागाकडे पाहिले.

‘एक, दोन, चार! तीन कुठं गेला रे?’

अडतिसावा धागा दुसऱ्या चौकटीत होता आणि एकोणचाळिसावा तिसरी ओलांडून थेट चौथीत गेला होता. त्यानंतरची सगळी रांग त्याच्यामागून मुकाट्याने एकेक घर सरकली होती. म्हणजे 202 धागे पुन्हा काढून ओवायचे. ‘एक मधे घुसडला तर चालणार नाही काय?’ असे मी विचारले. ‘चालतंय की. खरं तो तुला रोज दिसणार,’ असे म्हणून काका खाली बसले आणि मेणबत्तीच्या उजेडात माझ्या हातात एकेक धागा देऊ लागले. त्यांची बोटे पुढचा धागा न पाहता उचलत होती. माझ्या आकड्याला डोळा सापडेपर्यंत ते शांतपणे तंबाखू मळून घेत.

मधेच आजीने कपाटातून आपली इरकल आणून पुढ्यात टाकली. इरकलीत अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा असतो, आणि ते दोन्ही धाग्याला धागा फासात अडकवून जोडतात. त्याला कोंडी म्हणतात. लहानपणी याच पदराला मी नाक पुसले होते. मेणबत्ती जवळ नेऊन त्या जोडावरून नख फिरवले आणि त्यातले धागे मोजण्याचा विचार पंचविसाव्याला सोडून दिला.

‘मेणबत्ती लांब धर,’ आजी म्हणाली.

वीज रात्री नऊला आली, काका उठून आपल्या मागांकडे गेले आणि उरलेले 57 धागे मी पहाटे एकपर्यंत एकट्याने ओवले. नमुन्याला बरे गुण मिळाले. पुढचा नमुना 320 धाग्यांचा आहे. सध्या मी वर्तमानपत्रात वडगावची वीज कोणत्या दिवशी बंद राहणार त्याची सूचना शोधत असतो.