तेरा साती एक्क्याण्णव

सोसायटीच्या कोजागिरीला दुधात केशर किती घालायचं यावर भांडणं होतात, खुर्च्यांवर कधी झालेली नाहीत. म्हणून मी खुर्च्यांचं काम मागून घेतलं. आमचे अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त. म्हणाले, "सगळ्या रांगा सारख्या हव्यात. शेवटची रांग बोडकी दिसता कामा नये."

गच्चीवर मोजल्या, 91 भरल्या. विषम, म्हणून 2 गेला. 9 न् 1 दहा, म्हणून 3 गेला. शेवटी 0 किंवा 5 नाही, म्हणून 5 गेला. मी जाहीर केलं, "मूळ संख्या आहे, काका! जोडीच नाही."

सहावीतली लेक टाकीवर बसून चिवडा खात होती. तोंडात शेंगदाणा असतानाच म्हणाली, "तेरा साती एक्क्याण्णव."

लबाड आकडा! तोंडावर मूळ संख्येचा साळसूदपणा आणि पोटात 7 न् 13. एक्कावन्नही याच घराण्यातला. सतरा त्रिक म्हणून दहावीत मला त्यानेच बुडवलं होतं.

सात रांगा लावून कंबर धरतोय, तोच वॉचमनने जिन्याखालून आणखी सहा आणल्या. झाल्या 97. आता मी कोणावर विश्वास ठेवणार नव्हतो. फोनवर भागत भागत 23 पर्यंत पोचलो.

"बाबा, नवाच्या पुढे कशाला जाताय? दहा दाहे शंभर ना? जोडीतले दोघंही दहा नाहीतर दहाच्या वर असले, तर गुणाकार शंभराच्या आत राहील का?"

नाही राहत. 97 खरोखरच मूळ निघाली. मी हताश होऊन मटकन खुर्चीत बसलो. 97 ला भाग गेला नाही, खुर्चीचे मात्र दोन झाले.

उरल्या 96. आणि जोड्यांचा नुसता पाऊस! 2 न् 48, 3 न् 32, 4 न् 24, 6 न् 16, 8 न् 12. मग आठाच्या बारा रांगा की बाराच्या आठ, यावर केशराहून मोठं भांडण झालं. ते चालू असतानाच काकू मंडळी वर आली आणि खुर्च्या ओढून गोल करून बसली.

सकाळी मंडपवाला हजर. "शंभर दिल्या होत्या. तीन कमी, एक मोडकी. चारांचे पैसे द्या."

मी आशेने अध्यक्षांकडे पाहिलं. चाराला दोनाने भाग जातो हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं. ते लगबगीने जिना उतरायला लागले.