‘ऱ्ह’ एज केस नाही

आज स्टँडअपमध्ये, म्हणजे ऑफिसच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, माझं एक तिकीट (सॉफ्टवेअरमधल्या चुकीची, म्हणजे बगची नोंद) बंद केलं. शेरा एवढाच: ‘एज केस. वोंट फिक्स.’ म्हणजे क्वचित घडणारी गोष्ट, दुरुस्त करणार नाही. दिवसभर काम केलं, दोन मीटिंगा झाल्या, पण ते डोक्यातून जात नाहीये. म्हणून लिहितोय. लांब होईल.

बग काय आहे ते आधी सांगतो, आयटीत नसलेल्यांनाही कळेल. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. एकात र डोक्यावर चढतो, रफार होतो. दुसऱ्यात तो आडवा, पुढच्या अक्षराला चिकटून. हा आडवा र कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे साठवला जातो. एक तर खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, नाहीतर साधा र, हलन्त आणि त्यामागे झिरो-विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं अक्षर. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, मशीनच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. आणि ते न दिसणारं अक्षर कुणी उडवलं, तर दऱ्यांचा दर्या होतो.

ते उडवणारी ओळ मी लिहिली आहे.

चार वर्षं झाली. शुक्रवार, रिलीज अडकलेला. आमच्या फॉर्ममध्ये लोक वर्डमधून, व्हॉट्सॲपवरून नावं कॉपी-पेस्ट करायचे, त्याबरोबर नको ती अदृश्य अक्षरं यायची आणि पुढची सिस्टीम फॉर्म परत पाठवायची. मी एक रेगेक्स, म्हणजे अक्षरं गाळणारी एका ओळीची सूचना, टाकला: अदृश्य असेल ते सगळं काढ. टेस्टिंग झालं इंग्रजी नावांवर. रिव्ह्यूत कुणी हरकत घेतली नाही. रात्री साडेनऊला रिलीज गेला, ग्रुपवर अंगठे पडले, घरी गेलो.

माझ्या मावशीच्या आडनावात ‘ऱ्ह’ आहे. पूर्ण लिहीत नाही, ती इथे आहे. गेल्या वर्षी काका गेले. विम्याच्या पैशांसाठी तिने अर्ज केला, तो परत आला. कारण: नाव जुळत नाही. तिने कागदाचा फोटो मला पाठवला. ‘ऱ्ह’च्या जागी नुसता ह, डोक्यावर रफार. आणि कागदाची मांडणी बघताच ओळखलं, आमच्याच सिस्टीममधून निघालेला फॉर्म. अडुसष्ट वर्षांची बाई दोनदा एसटीने तालुक्याला गेली, रांगेत उभी राहिली आणि प्रतिज्ञापत्र करून आली की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. नवरा जाऊन दोन महिने झालेले, आणि मी मीच आहे हे तिला शपथेवर सांगावं लागलं.

आता ‘एज केस’ म्हणा.

मॅनेजर वाईट माणूस नाही. क्वार्टर संपत आलाय, माणसं कमी आहेत, सगळंच नीट करत बसलो तर काहीच बाहेर पडणार नाही. खरं आहे, मीही ज्युनियर मुलांना हेच सांगतो. पण याच गाळणीने आमच्या चॅटमधले इमोजीसुद्धा तोडले होते. आई-बाबा-मुलांचा जो एकत्र इमोजी असतो ना, तो त्याच न दिसणाऱ्या अक्षराने जोडलेला असतो. ते गेलं की सुटे सुटे चेहरे दिसतात. कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवला. लगेच पी-वन, म्हणजे सगळ्यात तातडीचा शिक्का, लागला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फिक्स लाइव्ह. फक्त चॅटपुरता! तेव्हा नाही कुणाला एज केस आठवली. इमोजीतलं कुटुंब एका दिवसात जोडलं, आणि माझ्या मावशीचं आडनाव चार वर्षं तुटलेलंच आहे.

मेसेजचंही तेच. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. एकाचे दोन-तीन मेसेज होतात, बिल वाढतं, म्हणून मराठी मेसेज बंद करून टाकले. पैसे लागतात, मान्य. पण अर्ज परत आल्याचा मेसेज मावशीला इंग्रजीत आला आणि जाहिरात असेल म्हणून तिने तो तीन आठवडे उघडलाच नाही.

बरं, हे काही नवं कोडं नाही. जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी ठरलेले क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, देवनागरी तेव्हापासून त्यात आहे. भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायला सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतल्या लोकांनी वर्षानुवर्षं घातली, तीही याच पुण्यात. आणि इथेच बसून आम्ही मराठी नावं इंग्रजी नावांवर टेस्ट करतो.

नीट दुरुस्ती दोन दिवसांची आहे. नाव आत येतानाच दोन्ही प्रकार एका रूपात आणायचे, मग गाळणी लावायची. खरं दुखणं जुन्या डेटाचं. ‘अर्हता’मधला रफार मूळचा आणि मावशीच्या नावातला आम्ही चढवलेला, हे मशीनला सांगता येत नाही. माणसाने बसून एकेक कागद ताडून बघावा लागेल. त्याला दोन दिवस पुरणार नाहीत, हे मीही जाणतो. कदाचित म्हणूनच कुणाला ते तिकीट उघडं नको आहे.

इथवर लिहून थांबलो आणि मावशीला फोन केला. ती ओळ माझी होती हे तिला आजवर सांगितलं नव्हतं. वर्षभर घशात अडकलं होतं. ती जरा वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, रागावली. मग म्हणाली, ‘अरे, पण आमच्या आळीत याच आडनावाची अकरा घरं आहेत. त्यांचेही कागद असेच झाले असतील का?’

‘बघून सांगतो,’ म्हणालो.

तिकीट रीओपन केलंय, माझ्या नावावर घेतलंय. उद्या सकाळी क्वेरी लावून असे किती फॉर्म गेलेत ते मोजतो. तो आकडा त्या शेऱ्याच्या खाली लिहिणार आहे.