‘मिशनवाल्यांनी गावं मिंधी केली’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : ख्रिस्ती मिशनवाल्यांनी आपल्या भागात दवाखाने काढले, पाण्याची कामं केली, ती फक्त धर्मांतरासाठी. पैसा सगळा परदेशी. त्यानं गावं मिंधी झाली. अडाणी बायांच्या हाती औषधं देऊन लोकांच्या जिवाशी खेळ केला. आणि हे सगळं सरकारनं तसंही केलंच असतं. पाठवणाऱ्यांत माझे नातलगही आहेत. एरवी मी गप्प बसले असते, पण ज्या बायांनी या भागातली लेकरं जगवली त्यांच्यावरच यात चिखल उडालाय. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘सगळं धर्मांतरासाठी होतं.’ एकोणिसाव्या शतकापुरतं यात तथ्य आहे, ते नाकारायचं कारण नाही. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल हे गाव वसवलं ते ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांसाठीच. ती कुटुंबं बहुतेक अस्पृश्य मानलेल्या जातींतली होती, गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरता येत नव्हतं. तिकडे ती का गेली हा प्रश्न फॉरवर्डवाल्यांना पडत नाही. पण त्या काळाचा शिक्का १९७० नंतरच्या कामावर मारणं चूक आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. (जामखेड अहिल्यानगर जिल्ह्यात येतं हे मलाही माहीत आहे, पण आष्टी, पाटोदा, भूमकडच्या माणसांचा बाजारहाट नि दवाखाना तिकडेच असतो.) दोघंही श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. गावोगावच्या बायांमधून त्यांनी घडवलेल्या आरोग्य सेविका मात्र आपापल्या धर्मात, आपापल्या घरच्या देवांसकट काम करत राहिल्या. श्रद्धेतून सेवा करणं हाच गुन्हा असेल, तर संघाच्या प्रेरणेतून १९८९ मध्ये संभाजीनगरात उभं राहिलेलं हेडगेवार रुग्णालयही त्याच पिंजऱ्यात उभं करावं लागेल. मी तसं करणार नाही. तिथे बरे होऊन घरी गेलेले लोक मला ठाऊक आहेत.

‘पैसा परदेशी.’ होय, बराचसा होता. परदेशी देणगीसाठी १९७६ पासून कायदा आहे, आता २०१० चा आहे, आणि हिशेब गृह मंत्रालयाला द्यावा लागतो. पाणलोटाच्या कामाची गोष्ट तर आणखी वेगळी. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमामागे हर्मन बाखर या स्विस जेझुइट फादरांची धडपड होती; पैसा मात्र जर्मन सरकारकडून करारानं आला आणि नाबार्ड या शेती नि ग्रामविकासाच्या सरकारी बँकेमार्फत खर्च झाला. त्याला चोरवाटेचा पैसा म्हणणं म्हणजे नाबार्डलाच चोर म्हणणं.

आता ‘गावं मिंधी झाली’. मला सगळ्यात जास्त हाच मुद्दा लागला, कारण घडलं ते नेमकं उलट. त्या पाणलोट कार्यक्रमात गावाला आधी स्वतःला सिद्ध करावं लागे. श्रमदान करा, चराईबंदी नि कुऱ्हाडबंदी पाळा, ग्रामसभेतून समिती निवडा, मग पैशाचं बोला. याच कार्यक्रमातून जालना तालुक्यातल्या कडवंचीत काम झालं. ते करणारी संस्था मराठवाडा शेती साहाय्य मंडळ, खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र चालवणारी. तिचा चर्चशी काही संबंध नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती झाली, मग शेततळी आली, मग द्राक्षं. २०१२ च्या दुष्काळात आसपास बागा मोडल्या जात असताना कडवंचीतल्या बऱ्याच बागा तगल्या. बोअरचं पाणी उपसून शेततळी भरण्याबद्दल माझं वेगळं मत आहे, तो वाद गावागावात व्हायलाच हवा. पण तो वाद मालकांचा असेल, मिंध्यांचा नाही.

जामखेडमध्येही डॉक्टरांनी औषधांपासून सुरुवात करायची ठरवली असती तर लोकांनी ती घेतलीही असती. पण गावकऱ्यांना विचारलं तेव्हा आधी पाणी आणि धान्य हवं असं उत्तर आलं. दुष्काळाचे दिवस होते. म्हणून बोअर आधी घेतले गेले. आरोळ्यांनी हातपंप बसवण्याची जागा मात्र विचारपूर्वक निवडली : दलित वस्तीत. पाणी हवं असेल तर सवर्ण बायांनी तिथे यायचं. भाषण न देता शिवाशिवीवर घातलेला तो घाव होता. पुढे शेतकरी मंडळं झाली, महिला मंडळं झाली. मिंधं करायचं असतं तर दवाखान्याच्या दारात रांगा लावून बसवणं पुष्कळ सोपं होतं. चर्चच्या जुन्या इस्पितळांची रीत तीच होती आणि तिच्यावर टीकाही चर्चच्याच माणसांनी केली. जिनिव्हात १९६८ मध्ये स्थापन झालेल्या, चर्चच्या आरोग्यकामाचा विचार करणाऱ्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनचं म्हणणं हेच होतं : आपली जवळजवळ सगळी ताकद इस्पितळात आलेल्या आजाऱ्यावर खर्च होते, गावात आजार पडूच नये यावर नाही.

‘अडाणी बायांच्या हाती औषधं दिली.’ आधी शिकलेल्या नर्सबाईंना गावात ठेवून पाहिलं होतं. त्या टिकल्या नाहीत, आणि गावातल्या बायाही त्यांच्यापाशी मन मोकळं करत नव्हत्या. मग गावातलीच बाई निवडली गेली. पुष्कळदा दलित, पुष्कळदा निरक्षर, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्या जामखेडला नियमित येत, शिकत, एकमेकींना शिकवत आणि परत जात. शिकत काय होत्या? लेकराला हगवण लागली की पाणी तोडायची रीत होती. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं. बाळंतपणात हात आणि ब्लेड स्वच्छ ठेवायला लावलं. अंगावरचा बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो आणि तो औषधानं बरा होतो, हे घरोघर सांगितलं. कुठली केस आपल्या आवाक्याबाहेरची, ती दवाखान्यात कधी धाडायची, हेही त्या शिकल्या. याला जिवाशी खेळ म्हणणारा माणूस पावसाळ्यात, रस्ता नसलेल्या गावात, अडलेल्या बाळंतिणीजवळ कधी थांबलेला नसावा.

आकडे हवे असतील तर : १९७१ मध्ये प्रकल्पाच्या गावांत हजार जन्मांमागे १७६ अर्भकं वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा तिशीच्या आत आला. कोणी म्हणेल, बालमृत्यू तर सगळीकडेच घटले. बरोबर आहे, म्हणून तुलना हवी. ती २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आली. प्रकल्पाची गावं आणि आसपासची इतर गावं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा पहिल्या महिन्यानंतर पाच वर्षांपर्यंतच्या लेकरांचा मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला. पहिल्या महिन्याबद्दल तसा दावा करता येत नाही, मीही करत नाही.

राहिला ‘सरकारनं केलंच असतं’. केलं, पण कोणाचं पाहून? १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लोकांच्या सहभागातून चाललेल्या आरोग्यकामांचं पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७८ मध्ये सर्वांपर्यंत प्राथमिक आरोग्यसेवा नेण्याचा अल्मा-आटाचा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा आला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे आणि १९९० मध्ये भारत सरकारचं पद्मभूषण मिळालं. २००५ मध्ये आपल्याकडे सरकारच्या आशा सेविका आल्या : गावातलीच बाई, गावासाठी. फरक एवढाच की जामखेडची सेविका गावाला उत्तर देत होती, आणि आमच्या आशाताई आज रजिस्टरं आणि ॲपला उत्तर देत बसतात, मानधनासाठी मोर्चे काढतात. मिंधेपणाची एवढी चिंता असेल, तर पुढचा फॉरवर्ड त्यांच्या मानधनावर लिहा. तो मीही पुढे पाठवीन.