चारचौघांत ख्रिस्ती दिसू नये म्हणून

आधी येशूचा शिष्य पेत्र, त्याचं कुठे चुकलं ते पाहा. येशूला पकडून नेलं त्या रात्री महायाजकाच्या अंगणात त्यानं येशूला ओळखत असल्याचं तीनदा नाकारलं, शेवटी तर शपथा वाहिल्या. तरी ओळखला गेलाच. कशावरून? बायबलमध्ये मत्तयाच्या २६व्या अध्यायात आजूबाजूचे लोक सरळ सांगतात, तुझ्या बोलीवरून. त्याच्या मुलखाचा, गालीलचा हेल काही लपेना. तेव्हा विश्वासाचं नंतर बघू, पहिलं काम जिभेचं. तुमच्या बोलण्यावरून कुणाला नुसती शंकासुद्धा येता कामा नये.

सराव जेवणाच्या सुट्टीत करावा. टेबलाभोवती चौघं आहेत आणि जागेवर नसलेल्या पाचवीच्या घटस्फोटाचा विषय निघालाय. एकजण आवाज खाली आणतो, बाकीचे माना पुढे काढतात. अशा वेळी उठून जाऊ नये. ‘जाऊ दे ना, ती इथे नाहीये’ हे वाक्य तर मुळीच नको, सगळ्यांचा घास अडकतो. फार काही करायचं नसतं, नाकातल्या नाकात हसायचं. (मला हे उत्तम जमतं. त्याच दुपारी ती माझ्याकडे स्टेपलर मागायला आली, तेव्हा मी तो दोन्ही हातांनी, अगदी अदबीनं दिला.)

सहीच्या बाबतीत येशूचा न्याय करणाऱ्या रोमी सुभेदाराला, पिलाताला गुरू करावं. समोरचा निर्दोष आहे हे त्याला कळत होतं, तसं तो बोललाही. पण गलका वाढला तसं त्यानं पाणी मागवलं, लोकांदेखत हात धुतले आणि येशूला वधस्तंभाकडे धाडलं. तुमच्यापुढे न केलेल्या प्रवासाचं बिल आलं तर ‘हे काही बरोबर नाही, पण वरून आलंय’ असं पुटपुटावं आणि सही ठोकावी. पाण्याचा खर्चही वाचतो.

जकातदार जक्कयाच्या वाटेला जाऊ नये. येशू घरी आला काय, अर्धी मालमत्ता गरिबांना, वर फसवून घेतलेलं चौपट परत! त्यापेक्षा निकदेम बरा, मोठा यहूदी पुढारी, येशूला भेटायला रात्रीचा आला. पण पुढे तोही बिघडला. येशूला पुरायची वेळ आली तेव्हा सुमारे ३० किलो गंधरस आणि अगरू घेऊन हजर. एवढं ओझं लपवून आणणार कसं?

पवित्र शास्त्र वाचू नका असं मी म्हणत नाही. फक्त लूकच्या ६व्या अध्यायात, सगळे लोक बरं म्हणतील तेव्हा तुमची केवढी दुर्दशा, असं काहीसं येतं, तिथे पान जरा भरभर उलटावं. बाकी वचनं स्टेटसला छान दिसतात. ‘या जगाशी समरूप होऊ नका’ हेसुद्धा सूर्योदयाच्या फोटोवर टाकता येतं. मग कुणी कुणी पाहिलं, ते दर दहा मिनिटांनी बघत बसावं.

हे सगळं नेमानं पाळलंत तर काही वर्षांत निकाल लागतो. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा मुलगा आयसीयूत असतो. रात्री दीडला तो एकेकाला फोन लावत सुटतो, तुम्हालाही लावतो. आवाज पार बसलेला. इकडचं तिकडचं काही विचारत नाही.

“तुझ्या ओळखीत कुणी आहे का रे, प्रार्थना वगैरे करणारं?”