झुरळं कुणाची, मकानमालकाची का किरायेदाराची?

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या जोरदार जुंपली आहे. भाचा इंदूरला भंवरकुआंजवळ किरायानं राहतो, एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेशच्या राज्य सेवा परीक्षेची, तयारी करतोय, आणि त्याच्या किचनमध्ये झुरळांनी नुसता उच्छाद मांडलाय. मकानमालक म्हणाले, तुम्ही पोरं रात्री भांडी तशीच ठेवता, लक्ष्मणरेखा ओढा. त्यानं ओढली, हिट मारलं, थोडे दिवस बरं मग परत येरे माझ्या मागल्या. शेवटी वैतागून त्यानं ग्रुपवर टाकलं की मी पेस्ट कंट्रोल करून घेतो आणि पैसे किरायातून कापतो, झालं, सगळे तुटून पडले. लोकमान्य नगरच्या काकांच्या वरच्या मजल्यावर किरायेदार आहेत, ते म्हणाले की ह्या लोकांना बसायला ओसरी दिली की हातपाय पसरतात, उद्या घरच बळकावतील. आणि मला टॅग केलं, तुमच्या अमेरिकेत काय करतात ते सांग.

तर काका, मी न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये राहतो आणि झुरळं इथेही आहेत, भरपूर आहेत. इथल्या मालकानंही पहिल्यांदा मला काय ऐकवलं असेल, तर तुमच्या इंडियन स्वयंपाकामुळे होतात. म्हणजे तिकडे दोष खरकट्या भांड्यांचा, इकडे फोडणीचा! फरक पडतो तो त्यानंतर.

इथे 2018 चा एक कायदा आहे, लोकल लॉ 55, तो आला मुळात लहान मुलांच्या दम्यासाठी, कारण झुरळांची घाण आणि मेलेल्या झुरळांचा भुगा हवेत मिसळला की दमा उसळतो. तीन किंवा जास्त घरांची बिल्डिंग असेल तर झुरळं, उंदीर हटवणं ही मालकाची जबाबदारी, वर्षातून एकदा तपासणी त्यानं करायची, फटी त्यानं बुजवायच्या. नाही केलं तर 311 ला, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या नंबरला, फोन लावायचा, शहराचा इन्स्पेक्टर येऊन बघतो, झुरळं दिसली तर मालकाच्या नावावर नोंद आणि दुरुस्तीला 30 दिवस, आणि ती नोंद बिल्डिंगचा पत्ता टाकून कुणालाही ऑनलाइन बघता येते. ढेकणांचं तर अजून गमतीचं, नवीन भाडेकरूला मागच्या वर्षभरात ढेकूण होते का नव्हते हे मालकानं लेखी द्यावं लागतं. आपल्याकडे स्थळ बघताना एवढी चौकशी करतात, घर बघताना नाही.

फवारणीवाला आला तेव्हा मी बघत उभा होतो, आणि खरं तर त्यानं फवारलं काहीच नाही. सिंकखालचं कपाट रिकामं करायला लावलं, पाइप भिंतीत शिरतो तिथली बोटभर फट दाखवली, त्यात स्टीलची काथ्यासारखी जाळी कोंबून वरून सील केलं, आणि कपाटाच्या बिजागऱ्यांपाशी जेलचे बारीक बारीक ठिपके दिले. म्हणाला स्प्रे मारलास की ती शेजाऱ्याकडे पळतात आणि तिथून परत तुझ्याकडे, आणि अंड्यांच्या कोशाला तर स्प्रे लागतच नाही, एकेका कोशात तीस-चाळीस पिल्लं. हेच काकांना सांगायचंय, की एका कमऱ्यातल्या पोरानं कितीही लक्ष्मणरेखा ओढल्या तरी झुरळं भिंतीतून आणि नालीतून येतात, आणि भिंत आणि नाली त्याची नाही, तुम्हा मालकांची आहे.

आता इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच समजू नका. माझ्याच मोहल्ल्यात कितीतरी लोक बेकायदा बेसमेंटमध्ये राहतात, त्यातल्या बऱ्याच जणांकडे कागद नाहीत, ते कशाला 311 लावतील, इन्स्पेक्टर आला तर झुरळांच्या आधी तेच बाहेर निघतील. कायदा आहे पण त्यांच्यासाठी नसल्यातच जमा.

आणि आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. मध्य प्रदेशचा 1961 चा कायदा मालकाला घर राहण्यालायक दुरुस्त ठेवायला सांगतोच. केंद्रानं 2021 मध्ये मॉडेल टेनन्सी ॲक्ट आणला, तो राज्यांसाठी नमुना, त्यात मालकानं दुरुस्ती केली नाही तर किरायेदारानं करून पैसे कापावे, पण एका महिन्यात निम्म्या किरायापेक्षा जास्त नाही, हे सरळ लिहिलंय. म्हणजे भाचा काही आगाऊपणा करत नव्हता, दिल्लीच्या कागदात तेच आहे. पण त्याच कागदाच्या शेवटी कुणी काय करायचं त्याची यादी आहे, ती मी वाचली. पाइप बदलणं, वायरिंग, चुना-रंग मालकाकडे. नळाचे वॉशर, नाली साफ करणं, माश्या अडवायच्या जाळ्या किरायेदाराकडे. झुरळ, ढेकूण, वाळवीचं नावच नाही! किड्यांशी संबंधित एकच गोष्ट, माश्या अडवायची जाळी, ती पण किरायेदाराच्या गळ्यात.

काकांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. इंदूरला राजवाड्याच्या आसपास जुन्या पेढ्या आणि वाडे चिल्लर किरायावर पिढ्यान्‌पिढ्या अडकलेले सगळ्यांनी बघितलेत. पण त्या भीतीनं 11 महिन्यांचा करार आला, आणि तो आल्यावर किरायेदार तोंड कशाला उघडेल, तक्रार केली की पुढचा करार नाही. पोलिसांत किरायेदाराची माहिती द्यायचा नियम आहे, त्याचा फोटो, आधार, गावचा पत्ता सगळं ठाण्यात, घराची माहिती मात्र कुणी कुणाला देत नाही.

आणि हे इंदूरमध्ये, म्हणूनच मला जास्त खटकतं. स्वच्छ सर्वेक्षणात 2017 ते 2023 सलग सात वेळा पहिलं आलेलं शहर (सातव्यांदा सुरतबरोबर वाटून, पण ते असो). दारात गाडी येते, ओला सुका वेगळा घेते, रस्त्यावर कागद टाकायची लोकांना लाज वाटते. नगर निगमचं ॲप आहे, त्याचं नावच इंदूर 311, त्यात कचरा, नाली, स्ट्रीटलाइटची तक्रार होते. मग त्याच ॲपमध्ये किरायाच्या घराचा एक पर्याय का नको? झोनचा माणूस रोज त्या गल्लीत फिरतोच, वर चढून किचन बघायला त्याला किती वेळ लागणार. त्याला दंडाचा अधिकार लगेच नका देऊ, नुसती नोंद करू दे, पत्त्यासकट, पुढच्या किरायेदाराला दिसेल अशी.

भाच्याला मी सांगितलंय की तूर्त पैसे कापू नकोस, फोटो तारखेसकट ठेव, मालकांना तोंडी न सांगता मेसेज कर, आणि पुढच्या करारात एक ओळ टाकून घे की पेस्ट कंट्रोल वर्षातून दोनदा, नालीसकट, मालकाच्या खर्चानं. ग्रुपवर काकांचं लगेच उत्तर आलं, अशी ओळ मागणारा किरायेदार मी ठेवणारच नाही. त्यावर त्यांच्या सुनेनं विचारलं, बाबा, वरच्यांच्या किचनची नाली आपल्याच नालीला जोडलेली आहे ना?